एला फ्लॅग यंगबाई: वर्गापासून सुपरिंटेंडेंटच्या पदापर्यंत

अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांत सार्वजनिक शाळांचा कारभार शाळा-जिल्ह्यांच्या हातीं असतो. एखादें शहर किंवा जवळजवळचीं कांहीं गांवें मिळून असा एक जिल्हा होतो. त्यावर एक शिक्षणमंडळ असतें आणि हें मंडळ आपल्या सर्व शाळांवर एक सुपरिंटेंडेंट नेमतें. असे जिल्हे आज त्या देशांत सुमारें १३,००० आहेत. शिक्षक नेमणें, अभ्यासक्रम ठरविणें, पैशाचा हिशेब पाहणें व मंडळास सल्ला देणें, हीं सर्व कामें या एका अधिकाऱ्याकडे येतात. मग एवढ्या मोठ्या कामाची तयारी मनुष्यानें कोठें व कशी करावी? या प्रश्नाचें उत्तर ज्या एका बाईच्या आयुष्यांत स्पष्ट दिसतें, तिचें चरित्र वाचकांपुढें थोडक्यांत ठेवीत आहों.

एला फ्लॅग हिचा जन्म १५ जानेवारी १८४५ रोजीं न्यूयॉर्क राज्यांतील बफलो गांवीं झाला. आईबापांचें मूळ घराणें स्कॉटलंडचें असून वडील पत्र्याचें काम करणारे कारागीर होते. मुलगी प्रकृतीनें नाजूक, म्हणून तिला लहानपणीं शाळेंत घातलेंच नाहीं. एके दिवशीं आईनें वर्तमानपत्रांतून एका शाळेस लागलेल्या आगीची बातमी मोठ्यानें वाचून दाखविली. ती मुलीच्या मनांत इतकी ठसली कीं, तिनें तोच कागद घेऊन ऐकलेले शब्द एकेक करून ओळखण्यास आरंभ केला आणि अशा रीतीनें ती स्वतःच वाचावयास शिकली.

पुढें हें कुटुंब शिकागो शहरीं राहावयास गेलें. तेथें एला पंधरा वर्षांची असतांना शिक्षकांच्या सर्टिफिकेटाच्या परीक्षेस बसली आणि उत्तीर्णही झाली. परंतु वय लहान म्हणून तिला शाळा मिळेना. तेव्हां त्या शहराच्या सुपरिंटेंडेंटनीं तिला नॉर्मल स्कुलांत, म्हणजे शिक्षक तयार करण्याच्या शाळेंत जाण्याचा सल्ला दिला. १८६० सालीं ती तेथें दाखल झाली.

आईला मात्र हा बेत पसंत पडला नाहीं. मुलीला लहान मुलांची संवय नाहीं, त्यांचें मन तिला कळणार नाहीं, आणि ज्याला मुलें कळत नाहींत त्यानें शिक्षक होऊं नये, असें त्या माउलीचें म्हणणें होतें. मुलीनें वाद घातला नाहीं. ओळखीच्या एका शिक्षिकेच्या वर्गांत जाऊन तिनें मुलांमध्यें काम करून पाहिलें. आपणांस हें काम जमतें आणि आवडतें अशी तिची स्वतःची खात्री झाली, तेव्हां आईचीही झाली. वाचकहो, सर्टिफिकेटाच्या परीक्षेनें जें विचारलें नव्हतें तें आईनें विचारलें, आणि त्याचें उत्तर पुस्तकांत नसून वर्गांतच सांपडलें, ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

१८६२ सालीं, सतराव्या वर्षीं, तिला शिकागोच्या शाळाखात्यांत नोकरी मिळाली. शहराच्या कडेला गुरें राखणारे दांडगे मुलगे तिच्या वर्गांत होते. त्यांतील कित्येक अंगानें तिच्याहून थोराड. तिनें तो वर्ग संभाळला. १८६५ सालीं नॉर्मल स्कुलाच्या उमेदवारांनीं खऱ्या मुलांना शिकवून पाहावें म्हणून सराव-शाळा उघडण्यांत आली, तेव्हां तिच्यावर या वीस वर्षांच्या मुलीलाच नेमिलें. जो अनुभव तिनें आपल्या हिंमतीनें मिळविला होता, तो आतां प्रत्येक उमेदवारास देणें हें तिचें काम झालें.

१८६८ सालीं विल्यम यंग नांवाच्या व्यापाऱ्याशीं तिचा विवाह झाला. परंतु संसारसुख तिच्या वांट्यास फार दिवस आलें नाहीं. १८७३ सालीं पति वारले. आईबाप व भावंडेंही थोड्या वर्षांत एकामागून एक गेलीं, आणि तिशी गांठण्यापूर्वींच यंगबाई जवळच्या माणसांवांचून एकट्या उरल्या. त्यांनीं काम सोडलें नाहीं. १८७६ सालीं मुख्याध्यापकाची परीक्षा देऊन त्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या, आणि १८८७ सालीं शहराच्या असिस्टंट सुपरिंटेंडेंट. त्यांच्याकडे एका विभागाच्या शाळा सोंपविण्यांत आल्या.

येथवर बाईंनीं पंचवीस वर्षें शाळेंत काढलीं होतीं. एवढ्या अनुभवाचा मनुष्य सहज म्हणाला असता कीं, आतां आपणांस शिकावयाचें काय उरलें! परंतु १८९५ सालीं, पन्नासाव्या वर्षीं, दिवसाचें अधिकाराचें काम संभाळून त्या शिकागो विद्यापीठांत तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांच्या वर्गांत विद्यार्थिनी म्हणून बसूं लागल्या. ड्यूईसाहेब त्यांच्याहून वयानें चौदा वर्षांनीं लहान होते. (हेच ड्यूई पुढें न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत गेले आणि तेथें डॉ. भीमराव आंबेडकर यांचे गुरु झाले.) बाई मुकाट्यानें ऐकून घेणाऱ्या नव्हत्या. विद्यापीठांत जो विचार चाले, तो चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गांत टिकतो कीं नाहीं, हें त्या विचारीत. आपले विचार शाळेच्या व्यवहारांत कसे उतरतात हें आपण यंगबाईंपासून शिकलों, असें ड्यूईंनीं पुढें मोकळ्या मनानें कबूल केलें आहे.

इकडे शाळाखात्यांत सर्व अधिकार वरच्या कचेरींत एकवटूं लागला आणि हाताखालच्या अधिकाऱ्यांनीं केवळ हुकूम पोंचवावे अशी स्थिति आली. बाईंनीं १८९९ सालीं राजीनामा दिला. नंतर विद्यापीठांत त्या शिक्षणशास्त्र शिकवूं लागल्या आणि १९०० सालीं, पंचावन्नाव्या वर्षीं, त्यांनीं डॉक्टरची पदवी मिळविली. त्यांच्या प्रबंधाचा विषय शाळेंतील एकलकोंडेपणा हा होता. त्याचें सार असें कीं, शाळेचा बेत आंखणारे निराळे आणि तो वर्गांत चालविणारे निराळे असे झाले, म्हणजे शिक्षक यंत्रासारखा होतो, व ज्याला स्वतः विचार करण्याची मोकळीक नाहीं त्याच्या हातून विचार करणारीं मुलें तयार होत नाहींत. म्हणून शिक्षकांच्या सभा असाव्या, त्यांत त्यांनीं अभ्यासक्रमाविषयीं मोकळेपणानें बोलावें, आणि अधिकाऱ्यांनीं तें ऐकावें. हें वर्गांतून चढून आलेल्या बाईचें मत होतें, म्हणून त्याला वजन आलें.

१९०५ सालीं त्या शिकागोच्या नॉर्मल स्कुलाच्या मुख्य झाल्या. १९०९ सालीं शिक्षणमंडळानें त्यांस सर्व शहराच्या सुपरिंटेंडेंटचें पद दिलें. वेतन सालीना १०,००० डॉलर. अमेरिकेच्या एवढ्या मोठ्या शहराच्या शाळांवर स्त्रीची नेमणूक होण्याची ही पहिलीच वेळ. पुढल्याच वर्षीं राष्ट्रीय शिक्षणसंघानें त्यांस अध्यक्ष निवडलें, आणि तो मानही त्यापूर्वीं कोणा स्त्रीस मिळाला नव्हता. पदावर बसतांच त्यांनीं आपल्या प्रबंधांतील गोष्ट आचरणांत आणिली: शिक्षकांच्या सभा भरविल्या आणि त्यांचें ऐकिलें.

परंतु मंडळांतील कांहीं सभासदांना ही स्वतंत्र बाई सलूं लागली. १९१३ च्या जुलैंत त्यांनीं कंटाळून राजीनामा दिला, तो परत घ्यावा लागला. आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत गुप्त मतदानानें त्यांना बाजूस सारण्यांत आलें. तेव्हां शहरांतील स्त्रिया व शिक्षक खवळून उठले. त्याच सालीं इलिनॉय राज्यानें स्त्रियांस शहराच्या निवडणुकींत मताचा हक्क दिला होता, त्यामुळें हा आवाज नुसता रडण्याचा राहिला नव्हता. सभा भरल्या, मेयरास मध्यें पडावें लागलें, आणि थोड्याच दिवसांत बाई पुनः आपल्या जागीं आल्या. १९१५ च्या अखेरीस त्या स्वखुषीनें निवृत्त झाल्या.

पहिल्या महायुद्धांत त्या युद्धकर्जाच्या कामासाठीं देशभर फिरत असतां त्यांना इन्फ्लुएंझा झाला, आणि २६ ऑक्टोबर १९१८ रोजीं वॉशिंग्टन येथें त्यांचें देहावसान झालें. याच साथीनें त्या वर्षीं मुंबई इलाख्यांतील खेडींच्या खेडीं ओस पाडलीं. आपल्यांपैकीं कित्येकांच्या घरीं आजा-पणजांच्या तोंडून ती हकीकत आलेली असेल.

बाईंच्या तरुणपणीं सुपरिंटेंडेंट होण्याकरितां निराळा असा अभ्यासक्रम नव्हता. आज अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत तो आहे. प्रत्येक राज्याचे नियम निराळे. तथापि सामान्यतः उमेदवारानें प्रथम शिक्षकाचें सर्टिफिकेट मिळवून कांहीं वर्षें वर्गांत शिकवावें, मग शाळेच्या कारभाराचा वरच्या पदवीचा अभ्यास करावा, मुख्याध्यापकासारख्या पदावर काम करावें, अनुभवी सुपरिंटेंडेंटच्या हाताखालीं उमेदवारी करावी, आणि बहुतेक ठिकाणीं परीक्षाही द्यावी, तेव्हां राज्याचा परवाना मिळतो. वाचक ताडून पाहतील तर त्यांस दिसेल कीं, या जिन्याची एकेक पायरी यंगबाई कोणी न सांगतां चढल्या होत्या.

मात्र परवान्याच्या कागदावर दोन गोष्टी लिहितां येत नाहींत. एक, पंधराव्या वर्षीं आईनें विचारलेला प्रश्न: तुला मुलें कळतात काय? दुसरी, पन्नासाव्या वर्षीं पुनः विद्यार्थ्याच्या बांकावर बसण्याची तयारी. आपल्यापैकीं जो कोणी गांवच्या शाळेंत चार मुलांपुढें उभा आहे, किंवा चार शिक्षकांवर देखरेख करीत आहे, त्यानें आपलें सर्टिफिकेट जपून ठेवावेंच. परंतु उद्यां सकाळीं वर्गांत शिरतांना हे दोन प्रश्न स्वतःस विचारावे.