तपोवनचे दाजीसाहेब

विद्यापीठाच्या कामासाठी आपण यवतमाळहून अमरावतीला जातो. तिथे तपोवन आहे, हेही बहुतेकांना माहीत असते. पण ते उभारणाऱ्या दाजीसाहेबांची, म्हणजे डॉ. शिवाजीराव पटवर्धनांची ओळख किती जणांना आहे? म्हणून मी हे लिहितोय.

दाजीसाहेबांचा जन्म १८९२ चा. ते अमरावतीत होमिओपॅथीचे डॉक्टर होते. स्वातंत्र्यलढ्यातही ते उतरले. त्या काळी कुष्ठरोग झाला की घरचेच बाहेर काढत आणि माणूस रस्त्यावर भीक मागू लागे. दाजीसाहेबांना ते बघवेना. १९४६ साली त्यांनी शहराबाहेरच्या माळावर जगदंबा कुष्ठनिवास सुरू केला. पत्नी पार्वतीबाईंची साथ होतीच.

स्वच्छ हवा, उजेड, चांगले पाणी आणि शांतता हासुद्धा शुश्रूषेचाच भाग, असे फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी १८५९ मध्येच मांडले होते. माझ्या मते दाजीसाहेबांनी त्यात दोन गोष्टींची भर घातली: काम आणि शेजार. औषधाने जंतू मरतात हो, पण हाकललेल्या माणसाने बरे होऊन जायचे कुठे? तपोवनात झाडे लावली, घरे बांधली. रुग्ण शेती, सुतारकाम, विणकाम करू लागले. तिथे त्यांना कुणी दूर हो म्हणत नव्हते.

१९५९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १९८६ मध्ये ते गेले.

आपल्यातले सिव्हिलवाले उद्या दवाखाने बांधतील. खाटा किती बसतात हे तर मोजाच. पण खाटेवरून झाड दिसते का, तेही बघा.