न्या. राधाबिनोद पाल

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी नेत्यांवर टोकियोत चाललेल्या खटल्यात ११ देशांचे ११ न्यायाधीश होते. नोव्हेंबर १९४८ मध्ये २५ आरोपी दोषी ठरले, त्यांपैकी ७ जणांना फाशी झाली. सर्व आरोपींना सर्व आरोपांतून मुक्त करावे, असे म्हणणारे न्यायाधीश एकटे राधाबिनोद पाल होते.

पाल यांचा जन्म २७ जानेवारी १८८६ रोजी बंगालच्या तत्कालीन नदिया जिल्ह्यात एका गरीब कुटुंबात झाला. आरंभी गणित शिकविणारे पाल पुढे कायद्याकडे वळले आणि कोलकाता उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व कोलकाता विद्यापीठाचे कुलगुरू झाले. टोकियोची नियुक्ती १९४६ मधली, म्हणजे स्वतंत्र भारताच्या आधीची.

त्यांचे भिन्नमतपत्र हजाराहून अधिक पानांचे होते. आक्रमक युद्धासाठी व्यक्तीला गुन्हेगार ठरविणारा कायदा युद्धाआधी अस्तित्वात नव्हता. जेत्यांनी तो मागाहून रचून पराभूतांना लावणे हा न्याय नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. शिवाय आशियात वसाहती राखणाऱ्या आणि अणुबॉम्ब टाकणाऱ्या सत्ता स्वतः आरोपीच्या पिंजऱ्याबाहेर होत्या. हे मतपत्र न्यायालयात वाचले गेले नाही. जपानमध्ये ते छापून यायला दोस्तांचा अंमल संपेपर्यंत, १९५२ पर्यंत, थांबावे लागले. त्याच वर्षी भारताने जपानशी स्वतंत्र तह करून युद्धभरपाईवरचा हक्क सोडला.

मात्र पाल यांनी जपानला निर्दोष म्हटले नव्हते. नानजिंगमधील अत्याचारांचा पुरावा त्यांनी मान्य केला होता. ते अत्याचार या आरोपींच्या हुकमाने झाले हे सिद्ध झालेले नाही, एवढेच त्यांचे म्हणणे होते. हीच त्यांच्या युक्तिवादातील दुबळी बाजू. हुकूम दिला नाही, पण थांबविलेही नाही, अशा सत्ताधीशांना जबाबदारीतून इतक्या सहज मोकळे करता येते का? नानजिंगच्या मृतांच्या आप्तांना या कायदेशीर काटेकोरपणातून फारसे काही मिळाले नाही.

१९५२ पासून संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय विधी आयोगावर काम करताना पाल दोनदा त्याचे अध्यक्ष झाले. भारताने १९५९ मध्ये त्यांना पद्मविभूषण दिले, तर जपानने १९६६ मध्ये राजसन्मान. १० जानेवारी १९६७ रोजी कोलकात्यात त्यांचे निधन झाले.

जपानमधील राष्ट्रवाद्यांनी मात्र त्यांच्या मतपत्रातला सोयीचा तेवढा भाग उचलला. टोकियोतील यासुकुनी मंदिरात २००५ मध्ये पाल यांचे स्मारक उभारले गेले. फाशी गेलेल्या त्या सातही जणांना १९७८ मध्ये तेथेच देवत्व दिले गेले आहे.