दादासाहेब खापर्डे : संशय आणि शिक्षा यांमधील अंतर

गणेश श्रीकृष्ण ऊर्फ दादासाहेब खापर्डे यांचा जन्म २७ ऑगस्ट १८५४ रोजी वऱ्हाडात झाला. त्यांच्या उमेदीच्या काळी वऱ्हाडात सहा जिल्हे होते व वाशीम हा त्यांपैकी एक होता. १९०५ मध्ये तो मोडण्यात आला आणि १९९८ मध्ये अकोल्यातून पुन्हा वेगळा झाला. संस्कृत व इंग्रजी साहित्याचे व्यासंगी असलेल्या दादासाहेबांनी कायद्याची पदवी घेतली, काही वर्षे सरकारी नोकरी केली आणि पुढे अमरावतीस वकिली आरंभिली. वकिलीत त्यांनी विपुल धन मिळविले व तितक्याच सढळ हाताने ते खर्च केले. मात्र येथे त्यांचे चरित्र एका विशिष्ट दृष्टीने पाहावयाचे आहे. हिंसेचा बंदोबस्त करताना सरकार स्वतः कायद्याची मर्यादा ओलांडते, तेव्हा कायदा जाणणाऱ्याने काय करावे, हा प्रश्न त्यांच्यापुढे तीनदा उभा राहिला.

पहिला प्रसंग १८९७ चा. २२ जून रोजी पुण्यात चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळी झाडली. त्यानंतर सरकारने सरदार नातू बंधूंना १८२७ च्या २५ व्या रेग्युलेशनखाली अटक केली. त्यांच्यावर आरोप ठेवला नाही, खटला भरला नाही. मालमत्ता मात्र जप्त केली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात राष्ट्रीय सभेचे अधिवेशन अमरावतीस भरले. अध्यक्ष शंकरन नायर होते, तर स्वागताध्यक्ष दादासाहेब. विनाचौकशी स्थानबद्धतेचा निषेध या अधिवेशनाने केला.

दुसरा प्रसंग १९०८ चा. ३० एप्रिल रोजी मुझफ्फरपूर येथे बाँब फेकला गेला व दोन इंग्रज स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. जून महिन्यात स्फोटक द्रव्यांविषयीचा व वृत्तपत्रांविषयीचा असे दोन कडक कायदे झाले. बाँब फेकणे आणि बाँबच्या कारणांची मीमांसा करणे यांतील भेद सरकारने पुसून टाकला. ‘केसरी’तील लेखांबद्दल टिळकांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. आपली चालती वकिली बाजूला ठेवून दादासाहेब प्रिव्ही कौन्सिलकडे दाद मागण्यासाठी इंग्लंडला गेले. तेथे यश आले नाही. तरीही १९१० पर्यंत ते या कार्यात राहिले.

तिसरा प्रसंग सर्वांत मोठा. न्यायमूर्ती रौलट यांच्या समितीने १९१८ मध्ये अहवाल दिला. त्याचा आरंभच महाराष्ट्रातील घटनांपासून होता. महायुद्धकाळातील असाधारण अधिकार शांततेच्या काळातही चालू ठेवावेत, असा त्याचा आशय होता. त्यानुसार आणलेल्या विधेयकात खास न्यायालयाच्या निकालावर अपील नव्हते, संशयितास चौकशीत वकील मिळणार नव्हता आणि केवळ संशयावरून त्यास अडकवून ठेवता येणार होते. संशय ही चौकशीची सुरुवात असते. विधेयकाने तिलाच निकालाचे स्थान दिले. केंद्रीय कायदेमंडळाचे सभासद असलेल्या दादासाहेबांनी इतर हिंदी लोकनियुक्त सभासदांसह त्यास विरोध केला. तथापि सरकारी बहुमताच्या बळावर मार्च १९१९ मध्ये ते संमत झाले. देशभर असंतोष पेटला. १३ एप्रिल रोजी जालियनवाला बागेत, सरकारी आकड्यानुसारच, ३७९ माणसे मारली गेली. अमरावतीचे अध्यक्ष शंकरन नायर तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. पंजाबातील लष्करी कायद्याच्या निषेधार्थ त्यांनी पद सोडले. १९२२ मध्ये रौलट कायदा रद्द झाला.

टिळकांच्या निधनानंतर दादासाहेबांनी असहकाराचा मार्ग न स्वीकारता कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये काम केले. अनेक टिळकभक्तांप्रमाणे त्यांचेही राजकीय महत्त्व त्यामुळे ओसरले. १ जुलै १९३८ रोजी त्यांचे निधन झाले. तीनही प्रसंगी तत्काळ यश त्यांच्या वाट्यास आले नाही. परंतु हिंसेचे समर्थन न करताही आरोपीच्या हक्कासाठी उभे राहता येते, हे त्यांच्या वर्तनावरून दिसते. सरकारवरील टीका म्हणजे हिंसेला साथ, हे समीकरण त्यांनी मान्य केले नाही. स्वतंत्र भारतातही प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेचे कायदे आहेत. म्हणून हे चरित्र केवळ इतिहासाचा भाग म्हणून वाचून चालणार नाही.

स्वयं-अध्ययन : १८९७, १९०८ व १९१९ या तीन प्रसंगी आरोपीचा कोणता हक्क नाकारला गेला, ते स्वतःच्या शब्दांत लिहा.