नामदार गोखल्यांचा हिशेब

वाणिज्य शाखेच्या पहिल्याच वर्षी आपल्याला शिलकी अंदाजपत्रक आणि तुटीचे अंदाजपत्रक यांतला फरक शिकवतात. जमा जास्त आणि खर्च कमी म्हणजे शिल्लक, आणि शिल्लक दाखवणारे सरकार शहाणे, असा आपला सर्वसाधारण समज असतो. २६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्याला व्हाइसरॉयच्या कायदे कौन्सिलात सर्वजण याच समजुतीत होते. सरकारी तिजोरीत सुमारे सात कोटी रुपये शिल्लक पडले होते आणि अर्थखात्याच्या सभासदाचे अभिनंदन चालले होते. अशा वेळी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातले एक पस्तीस वर्षांचे प्राध्यापक उठले. ही शिल्लक सरकारच्या हुशारीची नसून रयतेवरच्या अन्यायाची खूण आहे, असे त्यांनी आकड्यांनिशी दाखवून दिले. ते गोपाळ कृष्ण गोखले.

९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक गावी त्यांचा जन्म झाला. वडील कृष्णराव नोकरीसाठी कागलला होते. कागल हे कोल्हापूर संस्थानातले, जिथे मराठी आणि कानडी एकाच बाजारात ऐकू येतात असे गाव. आपल्या या अंकाच्या दोन्ही विभागांच्या वाचकांना ते परके वाटू नये. १८७९ मध्ये वडील वारले. थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडले आणि पंधरा रुपयांची नोकरी धरली. त्यातले आठ रुपये ते दर महिन्याला गोपाळच्या शिक्षणासाठी कोल्हापूरला पाठवीत. उरलेल्या सात रुपयांत सगळा संसार. पुढे कोट्यवधींच्या जमाखर्चाची उलटतपासणी करणाऱ्या माणसाचा पहिला अर्थसंकल्प हा असा होता. शाळेतल्या गणिताची आणि प्रामाणिकपणाची जी गोष्ट आपण सर्वांनी क्रमिक पुस्तकात वाचली आहे, तिच्यापेक्षा मला हे आठ रुपये जास्त महत्त्वाचे वाटतात.

१८८४ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून ते बी. ए. झाले. मग पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक, डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद आणि फर्ग्युसन कॉलेजात प्राध्यापक. इंग्रजी, गणित, इतिहास, अर्थशास्त्र, जो विषय वाट्याला येईल तो त्यांनी शिकवला. त्यांचे अंकगणिताचे पुस्तक शाळाशाळांतून लागले होते. त्या काळच्या मुलांनी गोखल्यांचे नाव देशभक्त म्हणून नव्हे, तर त्रैराशिके घालणारा माणूस म्हणून आधी ऐकले असेल!

पण खरे शिक्षण झाले ते न्यायमूर्ती रानड्यांच्या घरी. सार्वजनिक सभेचे त्रैमासिक चालवताना रानड्यांनी त्यांना सरकारी अहवाल वाचायला शिकवले. सरकारविरुद्ध बोलायचे तर सरकारच्याच आकड्यांनी बोलायचे, अर्ज कितीही कळकळीचा असला तरी त्यातला एक आकडा चुकला की सारा अर्ज फुकट, ही रानड्यांची शिस्त होती. दुसरे गुरू म्हणावे असे गृहस्थ म्हणजे गणेश व्यंकटेश जोशी. हे सोलापूर वगैरे ठिकाणी सरकारी हायस्कुलात हेडमास्तर होते. नोकरीमुळे उघडपणे राजकारणात पडता येत नसे, पण देशाच्या जमाखर्चाचे त्यांच्याइतके बारीक ज्ञान त्या वेळी क्वचितच कोणाला असेल. गोखल्यांच्या भाषणांची पुष्कळशी सामग्री या हेडमास्तरांनी जमवून दिलेली आहे. टाळ्या एकाला मिळाल्या आणि आकडे दुसऱ्याने मांडले. गोखल्यांच्या चरित्रात या माणसाला याहून मोठी जागा मिळायला हवी होती.

१८९७ साली हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी गोखले विलायतेला गेले. वय तीस. साक्ष उत्तम झाली. पण त्याच वर्षी पुण्यात प्लेग होता आणि साथ आवरण्यासाठी सरकारने नवा कायदा करून अमर्याद अधिकार हाती घेतले होते. (याच १८९७ च्या कायद्याचा आधार २०२० मध्ये कोरोनाच्या वेळीही घेतला गेला.) गोरे शिपाई घरात शिरत, माणसे उचलून छावणीत नेत, सामानसुमान जाळत. पुण्याहून मित्रांची पत्रे येत होती. त्यांतला स्त्रियांच्या विटंबनेचा मजकूर गोखल्यांनी विलायतेच्या वर्तमानपत्राला सांगितला. त्याच सुमारास पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली आणि सगळीकडे खळबळ उडाली. सरकारने पुरावा मागितला. गोखले परत आले, पण ज्यांनी लिहिले होते त्यांतले कोणीही पुढे यायला तयार होईना. गोखल्यांनी मित्रांची नावे सांगितली नाहीत आणि बिनशर्त माफी मागितली.

या माफीबद्दल पुण्याने त्यांना भित्रा म्हटले. काँग्रेसच्या मंडपातही काही काळ ते नकोसे झाले. मला वाटते, शिपायांनी अत्याचार केलेच नाहीत असे गोखल्यांनाही मनातून वाटले नसणार. परंतु सिद्ध करता येत नाही ते मागे घ्यायचे, हा हिशेबनिसाचा नियम त्यांनी स्वतःच्या अब्रूची किंमत देऊन पाळला. त्या दिवसापासून पुढे त्यांच्या तोंडून कागदाचा आधार नसलेला आकडा निघाला नाही, असे त्यांची भाषणे वाचताना जाणवते.

नंतर मुंबईच्या कौन्सिलात १९०१ मध्ये जमीन महसुलाचे बिल आले. शेतसारा थकून सरकारजमा झालेली जमीन परत देताना ती विकण्याचा किंवा गहाण टाकण्याचा हक्क काढून घेण्याची त्यात योजना होती. शेतकऱ्याचे भले त्याच्यापेक्षा सरकारलाच जास्त कळते, असा त्याचा सूर. फिरोजशहा मेहता सभात्याग करून निघाले, त्यांच्याबरोबर गोखलेही बाहेर पडले. त्याच वर्षी ते व्हाइसरॉयच्या कौन्सिलावर निवडून आले.

आता त्या शिलकेकडे वळू. कॉमर्सच्या विद्यार्थ्याने तरी ही गोष्ट नीट समजून घ्यावी. हिंदुस्थान सरकारला दरसाल इंग्लंडात मोठी रक्कम पौंडांत भरावी लागे : कर्जाचे व्याज, रेल्वे कंपन्यांची हमी, निवृत्त अधिकाऱ्यांची पेन्शने, लष्कराचा खर्च. यालाच होम चार्जेस म्हणत. वसुली मात्र रुपयांत. चांदी घसरत गेली तसा रुपयाही घसरून १८९५ च्या सुमारास तेरा पेन्सांवर आला. म्हणजे शंभर पौंड भरायला सुमारे १८४६ रुपये लागू लागले. ही तूट भरून काढण्यासाठी सरकारने कर चढवले. १८८६ मध्ये प्राप्तिकर बसवला, १८८८ मध्ये मिठावरचा कर मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपये केला, १८९४ मध्ये आयात जकात बसवली. मग १८९३ मध्ये टांकसाळी बंद केल्याचा परिणाम दिसू लागला आणि रुपया सोळा पेन्सांवर स्थिरावला. आता त्याच शंभर पौंडांना १५०० रुपये पुरू लागले. दर शंभर पौंडांमागे जवळजवळ साडेतीनशे रुपये वाचले. पण ज्या अडचणीसाठी कर चढवले ती अडचण संपली तरी कर उतरले नाहीत. शिल्लक पडली ती इथून.

ती पडली केव्हा? १८९६-९७ चा दुष्काळ, लगेच १८९९-१९०० चा त्याहून भयंकर दुष्काळ, आणि शहरांतून प्लेग. माणसे मरत होती आणि तिजोरी भरत होती. गोखल्यांचे म्हणणे एवढेच होते की देशाची भरभराट आणि तिजोरीची भरभराट या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत आणि सरकार दुसरीला पहिली समजत आहे. मिठाचे उदाहरण त्यांनी घेतले, कारण मीठ गरिबाला सोडता येत नाही. कर वाढल्यावर मिठाचा खप लोकसंख्येच्या मानाने वाढला नाही, म्हणजे माणसे आणि गुरे मिठात काटकसर करत होती, हे त्यांनी दाखवले.

लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी की या भाषणानंतर मत घेतले जात नसे. १८९२ च्या कायद्याप्रमाणे सभासदांना अंदाजपत्रकावर बोलता येई, पण त्यातली एक पै हलवता येत नसे. वर्षातून एक दिवस बोलायचे आणि गप्प बसायचे. तरीही १९०३ मध्ये मिठाचा कर दोन रुपये झाला, १९०५ मध्ये दीड रुपया आणि १९०७ मध्ये एक रुपया. १९०३ मध्येच प्राप्तिकराची मर्यादा वार्षिक पाचशेवरून हजारावर गेली. आजही १ फेब्रुवारीला आपण प्राप्तिकराची मर्यादा किती वाढली हे आधी पाहतो. त्या मर्यादेसाठी भांडण्याची परंपरा इतकी जुनी आहे.

आपल्या गावाशी याचा काय संबंध, असे कोणी विचारील. निजामचे राज्य ब्रिटिश हद्दीबाहेरचे, तेव्हा गोखल्यांच्या कौन्सिलात इथला जमाखर्च येत नव्हता हे खरे. पण गोखल्यांचा दरवर्षीचा मुख्य रोख लष्करी खर्चावर असे आणि सिकंदराबाद हे तर १८०६ मध्ये वसलेले छावणीचे गाव. इंग्रजांनी बाळगलेल्या फौजेचा खर्च भागवण्यासाठी निजामाला १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात द्यावा लागला. आणि गोखल्यांनी पहिले भाषण केले त्याच १९०२ साली कर्झनने तोच मराठी वऱ्हाड वर्षाला पंचवीस लाखांवर कायमचा पट्ट्याने लिहून घेतला.

शिवाय सरकारी खर्चाचा जाब विचारण्याचे काय होते, हे हैदराबादने आधीच पाहिले होते. १८८३ मध्ये चांद्याकडे रेल्वे नेण्याची योजना निघाली. तिचा आर्थिक बोजा राज्यावर किती पडणार हे लोकांना कळले पाहिजे, अशी मागणी डॉ. अघोरनाथ चट्टोपाध्याय यांनी केली. उत्तर म्हणून त्यांना राज्याबाहेर घालवण्यात आले. पुढे ते परतले. त्यांची मुलगी सरोजिनी नायडू. गोखल्यांशी त्यांचा निकटचा स्नेह होता, आणि गोखल्यांच्या निधनानंतर त्यांनी त्यांच्या आठवणी लिहून ठेवल्या. वडिलांना हद्दपार करणारा प्रश्न हा माणूस दरसाल व्हाइसरॉयच्या तोंडावर विचारतो, याचे सरोजिनीबाईंना काय वाटत असेल याची कल्पना करता येते.

१९०३-०४ मध्ये सरकारी गुपितांचा कायदा कडक झाला, १९०७ मध्ये सभाबंदीचा कायदा आला. गोखल्यांनी दोन्हींना विरोध केला, दोन्ही मंजूर झाले. १९०५ मध्ये त्यांनी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी बनारसच्या काँग्रेसचे अध्यक्षपद भूषवले. हे सारे प्रसिद्ध आहे.

त्यांचे सर्वांत मोठे काम हरले ते १९१२ मध्ये. लष्करासाठी पैसा निघतो तर शाळांसाठी का निघत नाही, हा प्रश्न त्यांनी १९११ मध्ये बिलाच्या रूपाने मांडला. बिल अगदी भीतभीत लिहिलेले होते. सहा ते दहा वर्षांच्या मुलांना सक्ती, तीही स्थानिक संस्थेला हवी असेल तर, तीही सरकारची परवानगी घेऊन, आणि दरमहा दहा रुपयांच्या आत मिळकत असलेल्या पालकांना फी माफ. मार्च १९१२ मध्ये मते पडली : बाजूने १३, विरुद्ध ३८. विरोधकांत सरकारी सभासद होते तसे आपले जमीनदारही होते, हे विसरून चालणार नाही. पैसा नाही हे कारण नेहमी शाळेच्याच वेळी आठवते. शिक्षणाचा हक्क देणारा कायदा १ एप्रिल २०१० ला अमलात आला.

त्याच वर्षी ऑक्टोबरात ते दक्षिण आफ्रिकेला गेले. तिथेही प्रश्न कराचाच होता. मुदतीची मजुरी संपलेल्या हिंदी माणसाने तिथे राहायचे तर वर्षाला तीन पौंड भरायचे. तो कर जाईल अशा समजुतीने गोखले परतले. तिथल्या सरकारने तसे वचन दिले नसल्याचे सांगितल्यावर गांधींनी १९१३ चा लढा केला आणि १९१४ मध्ये कर गेला.

गोखल्यांना मवाळ म्हणतात. इंग्रजी राज्याच्या न्यायबुद्धीवर त्यांनी गरजेपेक्षा जास्त विश्वास टाकला, हा आरोप मला खरा वाटतो. ज्या सभागृहात आपले मत मोजलेच जात नाही तिथे तेरा वर्षे बोलत राहणे पुष्कळांना व्यर्थ वाटले, आणि टिळकांच्या बाजूचे लोक ते उघड बोलूनही दाखवीत. पण नुसता संताप सरकारला सोयीचा असतो. त्याला उत्तर द्यावे लागत नाही. गोखल्यांच्या आकड्यांना दरवर्षी उत्तर तयार ठेवावे लागे.

मधुमेह आणि अतिश्रमाने १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय अठ्ठेचाळीस. स्मशानात टिळक बोलले. पुढच्याच वर्षी मिठाचा कर मणामागे सव्वा रुपया झाला. १९२३ मध्ये सरकारने तो दुप्पट केला. कायदेमंडळाने नकार दिला असताना व्हाइसरॉयने स्वतःच्या अधिकारात तो मंजूर केला. वर्षभरात तो पुन्हा सव्वा रुपयावर आला, पण गेला नाही. १९३० च्या मे महिन्यात धारासनाच्या मिठागरावर सत्याग्रहींची तुकडी चालून गेली. गांधी तुरुंगात होते, अब्बास तय्यबजीही पकडले गेले होते. तुकडीच्या पुढे होत्या हैदराबादच्या सरोजिनी नायडू.