विश्लेषण : डोळखांबच्या वारुळावरची अळंबी आणि तिच्या कुळाला नाव देणारा फ्रेंच इंजिनीअर… कोण होते रॉजर हाइम?

पावसाने एखाद-दोन दिवस उघडीप दिली की शहापूर तालुक्यातील डोळखांबच्या रानात वारुळांच्या आसपास पांढरी अळंबी एका रात्रीत वर येते. पहाटे जाऊन ती काढायची, पानात बांधायची आणि शहापूर-मुरबाडच्या बाजारात किंवा रस्त्याच्या कडेला विकायला बसायचे, हा इथल्या आदिवासी कुटुंबांचा पावसाळ्यातला क्रम. आजोबा डोंगराकडे ट्रेकला जाणारे शहरी पर्यटक मात्र तीच अळंबी पाहून थबकतात. ही खायची की नाही, हे कळणार कसे? हा प्रश्न आयुष्यभर लावून धरणारे एक नाव कवकशास्त्रात फार मोठे आहे. ते म्हणजे रॉजर हाइम.

पदवी इंजिनीअरिंगची, वेड बुरशीचे

हाइम यांचा जन्म १२ फेब्रुवारी १९०० रोजी पॅरिसमध्ये झाला. शिक्षण ‘एकोल सांत्राल’ या नामांकित इंजिनीअरिंग संस्थेत. पण पदवीनंतर त्यांनी कारखान्याची वाट धरली नाही. ते पॅरिसच्या राष्ट्रीय निसर्गविज्ञान संग्रहालयात दाखल झाले आणि तिथेच रमले. इंजिनीअरिंग करून भलत्याच क्षेत्रात जाण्याची परंपरा आपल्याकडचीच आहे, असे मानण्याचे कारण नाही!

त्यांचा पहिला मोठा अभ्यास १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला, तो ‘इनोसायबी’ या कुळावर. दिसायला किरकोळ, तपकिरी छत्र्या. पण त्यातल्या अनेकांत मस्करीन हे विष असते. खाल्ल्यावर दरदरून घाम सुटतो, लाळ गळते, नाडी मंदावते. म्हणजे हाइम यांनी सुरुवातच विषारी बाजूने केली. त्यानंतर मादागास्कर आणि आफ्रिकेतील भूछत्रांकडे ते वळले आणि वारुळापाशी येऊन थांबले.

वारूळ आणि अळंबीचे नाते काय?

वारुळावर उगवणारी अळंबी विज्ञानाला तशी नवी नव्हती. श्रीलंकेतून आलेल्या नमुन्यांवरून बर्कली या इंग्रज अभ्यासकाने १८४७ मध्येच तिच्यातील एका जातीचे वर्णन केले होते. अडचण अशी होती, की पुढे सापडलेल्या अशा जाती वेगवेगळ्या कुळांत विखुरल्या गेल्या. वरची छत्री पाहून नाव ठेवले जात होते. जमिनीखाली काय आहे, हे बहुतेकांनी पाहिलेच नव्हते.

जमिनीखाली असते वाळवीची शेती. कामकरी वाळवी वाळलेला पाला आणि लाकूड खाते आणि न पचलेल्या मळापासून पोळ्यासारखी स्पंजी रचना करते. त्यावर बुरशी वाढते. लाकडातला कठीण भाग वाळवीला एकटीने पचवता येत नाही. तो ही बुरशी मऊ करून देते. बुरशीवर मोहरीएवढे पांढरे दाणे धरतात, ते वाळवी खाते. बदल्यात बुरशीला ऊब, ओलावा आणि परक्या बुरशांपासून संरक्षण मिळते. पावसाळा लागला, की हीच बुरशी पोळ्यापासून मुळासारखा लांब देठ वर पाठवते, माती फोडून छत्री उघडते आणि बीजाणू सोडते. वारूळ खोल असेल तर हे ‘मूळ’ हातभरही लांब भरते.

छत्री, मूळ आणि पोळे हा एकच जीव मानून हाइम यांनी १९४२ मध्ये या सगळ्या जातींसाठी स्वतंत्र कूळ उभे केले. नाव दिले ‘टर्मिटोमायसिस’, म्हणजे सरळ अर्थाने वाळवीची बुरशी. ही अळंबी बटन मशरूमसारखी शेडमध्ये का पिकवता येत नाही, याचे उत्तरही याच नात्यात आहे. वाळवीशिवाय तिचे व्यावसायिक पीक अजून कोणालाही घेता आलेले नाही. त्यामुळे डोळखांबच्या बाजारात येणारी प्रत्येक जुडी रानातूनच आलेली असते.

कुळाला नाव दिले, मग छळछावणी

१९४२ मध्ये पॅरिस जर्मनांच्या ताब्यात होते. हाइम संग्रहालयात काम करत होते आणि त्याच वेळी नाझीविरोधी प्रतिकार चळवळीतही होते. त्यांना अटक झाली. आधी बुखेनवाल्ड, मग माउथहाउसेन आणि गुसेन अशा छळछावण्यांत त्यांची रवानगी झाली. तिथून असंख्य लोक परतले नाहीत. हाइम १९४५ मध्ये जिवंत परतले. त्या दिवसांवर त्यांनी १९४७ मध्ये एक पुस्तक लिहिले आणि पुन्हा भूछत्रांकडे वळले.

पुढची कारकीर्द मोठ्या पदांची आहे. १९५१ ते १९६५ ते निसर्गविज्ञान संग्रहालयाचे संचालक होते, १९५४ ते १९५८ ‘आययूसीएन’ या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेचे अध्यक्ष. कीटकनाशकांवरील रेचल कार्सन यांच्या गाजलेल्या पुस्तकाच्या फ्रेंच आवृत्तीला प्रस्तावना त्यांचीच. १९५६ मध्ये अमेरिकी बँकर व हौशी संशोधक गॉर्डन वॉसन यांच्यासोबत ते मेक्सिकोत गेले आणि तिथल्या आदिवासींच्या विधींतील गुंगी आणणारी भूछत्रे त्यांनी ओळखून काढली. ती पॅरिसच्या प्रयोगशाळेत वाढवून स्वित्झर्लंडला पाठवली. तिथे अल्बर्ट हॉफमन यांनी १९५८ मध्ये त्यातला सिलोसायबिन हा घटक वेगळा केला. बाहेरच्या जगात हाइम यांचे नाव जास्त गाजले ते यामुळे. वारुळाचे काम त्यामानाने मागे राहिले, हे जरा अन्यायाचेच.

भारताशी संबंध कसा आला?

संथाळांच्या ‘पुटका’मुळे. साल वृक्षांच्या रानात पावसाळ्यात मिळणारे हे गोल, गोट्यांसारखे भूछत्र संथाळ आवडीने खातात. संथाळी भाषेत नामांचे सजीव आणि निर्जीव असे दोन वर्ग आहेत. झाडे, गवत, इतर भूछत्रे निर्जीव वर्गात. पुटका मात्र सजीव. असे का, याचा शोध हाइम आणि वॉसन यांनी पूर्व भारतातील संथाळांमध्ये घेतला आणि १९७० मध्ये त्यावर लेख प्रसिद्ध केला. पुटका नासले की मेलेल्या प्राण्यासारखी दुर्गंधी येते, म्हणून त्यात जीव मानतात, असे एक स्पष्टीकरण त्यांना मिळाले. जे लोक भूछत्र खातात त्यांनाच आधी विचारायचे, ही हाइम यांची पद्धत इथेही दिसते.

१७ सप्टेंबर १९७९ रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी कवकशास्त्रज्ञ के. नटराजन यांनी दक्षिण भारतातील वारुळावरच्या एका जातीला ‘टर्मिटोमायसिस हाइमी’ असे नाव दिले. ही खाण्याजोगी जात पश्चिम घाटातही आढळते.

मग अळंबी ओळखायची कशी?

हाइम यांनी १९६३ मध्ये विषारी आणि गुंगी आणणाऱ्या भूछत्रांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. लसूण काळा पडतो का, चांदीचे नाणे काळवंडते का, किड्यांनी खाल्ले आहे का, या घरगुती कसोट्यांना शास्त्रीय आधार नाही. ‘अळंबी’ म्हणजे खाण्याजोगी आणि ‘कुत्र्याची छत्री’ म्हणजे विषारी, ही विभागणीही बोलण्यापुरतीच.

वारुळाच्या अळंबीची खूण वर कमी आणि खाली जास्त असते. म्हणून ओळख पटवण्यासाठी ती देठावर खुडून चालत नाही, बुडासकट काढावी लागते. तळाशी वारुळात उतरणारे लांब मूळ हवे. बुडाशी पिशवीसारखे आवरण असेल तर ते घातक ‘अमानिता’ कुळाचे लक्षण असू शकते. छत्री रात्रभर कागदावर पालथी ठेवली तर वारुळाच्या अळंबीच्या बीजाणूंचा फिकट गुलाबी ठसा उमटतो. ‘अमानिता’चा ठसा पांढरा असतो. पावसाळ्यात बागेत, हिरवळीवर उगवणाऱ्या विषारी ‘क्लोरोफायलम’चा हिरवट असतो आणि शहरी माणूस फसतो तो बहुधा इथेच. तरीही नुसत्या ठशावर किंवा मोबाइलमधल्या फोटोवर निर्णय घेऊ नये. त्याच रानातली अळंबी वर्षानुवर्षे काढणाऱ्या जाणत्या माणसाने हातात घेऊन पाहिल्याशिवाय ती चुलीवर चढवू नये.

‘क्लोरोफायलम’ने काही तासांतच उलट्या सुरू होतात. ‘अमानिता’च्या जीवघेण्या जातींचे विष शिजवूनही जात नाही आणि त्याचा त्रास सहा तासांनंतर, कधी त्याहून बराच उशिरा सुरू होतो. मध्ये एक दिवस बरे वाटते, तेव्हा यकृत निकामी होत असते. त्यामुळे भूछत्र खाल्ल्यावर त्रास झाला, तर उतार पडल्यासारखे वाटले तरी रुग्णालय गाठावे आणि उरलेला तुकडा कागदात गुंडाळून सोबत न्यावा.