साखळ्या सोडा, पेशंटजवळ बसा!

दोस्तांनो, धुळ्याच्या किंवा जळगावच्या मेडिकल कॉलेजात तुमचा कोणी मित्र असेल तर त्याला विचारा, वॉर्डात गेल्यावर पहिलं काम काय? तो सांगेल, पेशंटजवळ बसायचं, त्याची हिस्ट्री घ्यायची आणि लिहून काढायची. मनाच्या आजारात हीच सवय डॉक्टरांना लावणाऱ्यांमधलं मोठं नाव म्हणजे फ्रान्सचे डॉ. फिलिप पिनेल.

जन्म १७४५चा, दक्षिण फ्रान्समधल्या एका खेड्यातला. १७७३ मध्ये तुलूझला ते डॉक्टर झाले आणि १७७८ मध्ये त्यांनी पॅरिस गाठलं. पण बाहेरगावच्या पदवीला तिथे किंमत नव्हती. स्पर्धा परीक्षेतही अपयश आलं. मग काय, पंधराएक वर्षं भाषांतरं, लेखन आणि संपादन करून पोट भरलं. याच काळात त्यांचा एक मित्र मनाच्या आजारात दगावला. तेव्हापासून पिनेल या आजारांकडे वळले.

१७९३ मध्ये ते पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयात नेमले गेले. वेडे ठरवलेली माणसं तिथे साखळ्यांनी बांधलेली असायची. त्या वॉर्डाची व्यवस्था बघायचे ज्याँ-बाप्तिस्त प्यूसँ. ते डॉक्टर नव्हते, एकेकाळी त्याच रुग्णालयात पेशंट होते! पेशंटला मारहाण करायची नाही, हा त्यांचा दंडक. पिनेल त्यांच्यामागे फिरले, बघितलं, टिपून घेतलं. पिनेलनी साखळ्या तोडल्या असं चित्रांत दिसतं. खरं तर बिसेत्रमधल्या साखळ्या १७९७ मध्ये प्यूसँनी काढल्या, तेव्हा पिनेल दुसऱ्या रुग्णालयात होते. पुढे प्यूसँनाही त्यांनी तिकडे बोलावून घेतलं. अनावर पेशंटला आवरायला हात बांधणारा अंगरखा मात्र वापरात राहिला, हेही लक्षात ठेवा.

पिनेल यांचा दुसरा ध्यास शिकवण्याचा. नुसती पुस्तकं पाठ करून डॉक्टर होत नाही, विद्यार्थ्याला खाटेजवळ न्या, असा त्यांचा आग्रह होता. रुग्णालयात वैद्यक कसं शिकवावं यावर १७९३ मध्येच त्यांनी निबंध लिहिला. दोन वर्षांनी ते पॅरिसच्या नव्या वैद्यकीय शाळेत प्राध्यापक झाले. १७९८ मध्ये आलेलं त्यांचं रोगवर्गीकरणाचं पुस्तक विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी वापरलं. १८०१ मध्ये मनोविकारांवरचा ग्रंथ आला. त्यांचे विद्यार्थी एस्किरोल यांनी पुढे मानसोपचाराचे वर्ग सुरू केले. १८२२ मध्ये सरकारने पिनेल यांची प्राध्यापकी काढून घेतली आणि १८२६ मध्ये ते गेले. शिष्यांनी काम सोडलं नाही.

आता आपल्याकडे या. २००१ मध्ये तामिळनाडूतल्या एरवाडीत आग लागली. साखळीने बांधलेल्या मनोरुग्णांना पळताच आलं नाही, पंचवीसहून जास्त जण जळून गेले. २०१७च्या कायद्याने साखळीवर बंदी आहे. तरी आपल्या गावांत अजून आधी भगत आठवतो, डॉक्टर नंतर. म्हणून घरात, हॉस्टेलवर कोणी गप्प गप्प झालं, झोप उडाली, विचित्र वागायला लागलं तर हसू नका. जवळ बसा, ऐकून घ्या. मग सिव्हिलच्या मानसोपचार विभागात सोबत जा, किंवा सरकारच्या १४४१६ या मोफत नंबरवर फोन करा. ऐकून घ्यायला काही डिग्री लागत नाही. प्यूसँकडे तरी कुठे होती?