विश्लेषण : ‘पंडिता’ पदवी ते केडगावचा ‘मुक्ती सदन’… रमाबाईंचे जीवन कसे बदलत गेले?

पंडिता रमाबाईंचे नाव बहुतेकांना शाळेच्या पुस्तकामुळे माहीत असते. विधवांसाठी झटणाऱ्या समाजसुधारक ही त्यांची ओळख. पण ज्या ख्रिस्ती श्रद्धेने त्यांचे आयुष्य बदलले आणि जिच्यापायी त्यांनी पुण्यातील मानमरातब गमावला, तिच्याबद्दल कमी बोलले जाते. ही श्रद्धा त्यांना कुठून कुठे घेऊन गेली?

बालपण कसे होते?

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले, म्हणून त्यांना विरोध सोसावा लागला. पुढे हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थक्षेत्रे पायी फिरत राहिले. आईकडून शिकलेल्या रमाबाईंना हजारो श्लोक मुखोद्गत होते. १८७० च्या दशकातील दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण असे तिघेही गेले. सोळा-सतरा वर्षांची रमा आणि भाऊ श्रीनिवास उपाशीपोटी देशभर चालत राहिले. भूक म्हणजे काय, हे त्या तेव्हाच शिकल्या.

‘पंडिता’ पदवी कुठे मिळाली?

१८७८ मध्ये भावंडे कोलकात्याला पोहोचली. तिथल्या विद्वानांनी त्यांची परीक्षा घेऊन ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी जातीबाहेर, बिपिनबिहारी मेधावी या वकिलाशी विवाह केला. अवघ्या दोन वर्षांत तेही गेले. तेव्हा मुलगी मनोरमा वर्षाचीही नव्हती. रमाबाई पुण्यात आल्या, १८८२ मध्ये त्यांनी ‘आर्य महिला समाज’ स्थापला आणि हंटर आयोगापुढे स्त्री शिक्षिका व स्त्री डॉक्टरांची गरज मांडली.

धर्मांतर का केले?

वैद्यकीय शिक्षणासाठी त्या १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. ‘स्त्रीधर्मनीती’ या पुस्तकाच्या विक्रीतून प्रवासखर्चाला हातभार लागला. ऐकू कमी येऊ लागल्याने डॉक्टर होणे मात्र राहून गेले. लंडनमध्ये समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांची सेवा करणाऱ्या ख्रिस्ती भगिनींचे काम त्यांनी पाहिले. अशा स्त्रीला प्रेमाने जवळ करून पुन्हा उभे करता येते, हे त्यांना नवे होते. या सेवेची प्रेरणा कोणती, हे शोधताना येशू आणि शोमरोनी स्त्रीची बायबलमधील कथा त्यांच्या वाचनात आली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

पण त्यांनी आपली बुद्धी गहाण टाकली नाही. धर्मगुरूंचा शब्द केवळ अधिकारापोटी मानायला त्यांनी नकार दिला. शाकाहार आणि भारतीय पेहरावही सोडला नाही. धर्म स्वीकारला तरी मनाला खरी शांती पुढे काही वर्षांनी लाभली, असे त्यांनी १९०७ च्या आत्मकथनात नोंदवले आहे.

किंमत काय मोजावी लागली?

धर्मांतराच्या बातमीने महाराष्ट्रात वादळ उठले. महात्मा फुले यांनी ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली. अमेरिकेत मदत उभी करून रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत ‘शारदा सदन’ सुरू केले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवले. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झाल्या.

संस्थेत कोणावरही धर्म लादायचा नाही, असे ठरले होते. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे, काही मुली येऊन बसत. रमाबाईंच्या मते हे मुलींचे स्वातंत्र्य होते. टीकाकारांना त्यात वचनभंग दिसला. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे पाठीराखे सल्लागार मंडळातून बाहेर पडले, तर अनेक पालकांनी मुली परत नेल्या.

केडगावला काय घडले?

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. स्वतःच्या उपाशी दिवसांची आठवण घेऊन रमाबाई तिथे गेल्या आणि सुमारे ३०० मुलींना व स्त्रियांना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगमुळे एवढ्या जणींना ठेवणे अशक्य होते, म्हणून दौंडजवळ केडगावच्या शेतजमिनीवर झोपड्या उभ्या राहिल्या. तेच ‘मुक्ती सदन’. १९०० च्या दुष्काळात गुजरातमधील मुली आल्या आणि ही संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

इथे खिचडी शिजवण्यापासून विहिरी खोदण्यापर्यंत सगळे पाहावे लागे. मुली शेती, विणकाम, छपाई शिकल्या. अंध मुलींना ब्रेल लिपी शिकवली जाई. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी ‘कृपा सदन’ निघाले. लंडनमध्ये पाहिलेले काम पुणे जिल्ह्याच्या माळरानावर उभे राहिले. शारदा सदनासारखा तटस्थपणा इथे नव्हता. मुक्ती सदन उघडपणे ख्रिस्ती होते आणि त्यावरची टीकाही सुरूच राहिली.

शेवटची वर्षे कशी गेली?

संस्कृतसाठी पदव्या मिळवलेल्या रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणायला घेतले. हेतू एकच, जेमतेम वाचू शकणाऱ्या खेड्यातल्या बाईला ते कळावे. त्यासाठी पंडिती शब्द टाळून साधी मराठी वापरली. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतची कामे मुक्तीतल्याच स्त्रियांनी केली.

जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. संस्था तिच्या हाती सोपवण्याचा विचार तिच्याबरोबरच संपला. त्याही दुःखात अनुवादाचे काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे केडगावातच निधन झाले. बायबलचा अनुवाद १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला.

आज त्यांच्याकडे कसे पाहायचे?

त्यांच्या धर्मांतराबद्दल मतभेद आजही आहेत. पण त्यांची श्रद्धा कामातून तपासता येते. विद्वत्सभेत मान मिळालेल्या या स्त्रीने आयुष्याची शेवटची २५ वर्षे, ज्यांना कोणी दारात उभे करत नव्हते, त्यांच्यासोबत काढली. केडगावचे मुक्ती मिशन आजही निराधार स्त्रिया आणि मुलांना आसरा देते.